सातपुड्याच्या उतरणीवरची सीमा

सीमाप्रश्न हा शब्द उच्चारला की आम्हा नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, कारवार ही नावे उभी राहतात. ते स्वाभाविकच आहे. त्या प्रश्नासाठी माणसे तुरुंगात गेली, गोळीबार झाले, आयोग बसले. परंतु आमच्या शहरापासून मोटारीने तासा-दीड तासाच्या अंतरावर दुसरी एक सीमा आहे, आणि तिची आठवण आम्हांला क्वचितच होते. सावनेर, केळवद मागे टाकून छिंदवाड्याच्या सडकेने पुढे निघालो की एके ठिकाणी रस्त्याच्या कडेची पाटी बदलते. तीवरची लिपी तीच राहते, भाषा मात्र दुसरी होते. शेते तीच, संत्र्याच्या बागा त्याच, बैलांची जात तीच. रस्त्यावर भेटलेल्या म्हाताऱ्याला वाट विचारली तर तो उत्तरही आपल्याच नागपुरी बोलीत देतो. तरी आपण महाराष्ट्र सोडून मध्य प्रदेशात आलेले असतो.

ही रेघ येथेच का पडली, आणि तिच्यामुळे कोणाचे काय अडले, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. त्यात आम्हांला एकच गोष्ट दाखवायची आहे. एखाद्या प्रदेशाला एकच सीमा नसते. उतरणीची एक, खडकाची एक, भाषेची एक आणि राज्यकारभाराची एक, अशा निरनिराळ्या सीमा असतात आणि त्या सहसा एकमेकींवर बसत नाहीत. त्या बसतात असे गृहीत धरले, की चूक होते.

प्रथम भूगोल पाहू. नागपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर छिंदवाडा सुमारे ६७५ मीटरवर. दोहोंमधील अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. एवढ्या अंतरात भूमी दुपटीहून अधिक उंच होते. पण ती सारखी चढत जात नाही. सौंसर, रामाकोन्यापर्यंत नागपूरचेच मैदान हलक्या चढाने पुढे गेलेले आहे. त्यानंतर सिलेवानीचा घाट लागतो, आणि घाट चढून गेल्यावर सातपुड्याचे पठार सुरू होते. जुन्या लोकांनी या रचनेला नेमकी नावे दिली होती. घाटावरचा तो ‘बालाघाट’ आणि घाटाखालचा तो ‘जेरघाट’. बाला म्हणजे वर, जेर म्हणजे खाली. दोन्ही शब्द फारसी. आज बालाघाट म्हटले की पूर्वेकडचा त्या नावाचा जिल्हाच आपल्याला आठवतो, परंतु छिंदवाड्याच्या पठारालाही ते नाव होते. सौंसरचा मुलूख म्हणजे हा जेरघाट. निसर्गाने येथे सीमा घातलीच असेल तर ती घाटाच्या माथ्यावर घातली आहे. राज्याची सीमा मात्र घाटाच्या बरीच खाली, सपाट शेतांतून गेलेली आहे.

नद्यांचे पाहावे तर त्या कोणतीच सीमा मानीत नाहीत. कन्हान छिंदवाड्याच्या डोंगरांत उगम पावते आणि नागपूर जिल्ह्यातून वाहत जाऊन भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला मिळते. पेंचही छिंदवाडा जिल्ह्यातलीच. ती खाली येऊन कन्हानला मिळते. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून भंडाऱ्यात उतरते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. आणि ती वर्धा? ज्या नदीने वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांची सीमा शतकानुशतके आखली, तिचा उगम बैतुल जिल्ह्याच्या मुलताई तहसिलीत आहे. त्याच मुलताई गावच्या तळ्यातून तापी निघते. मुलताई हे नाव ‘मूलतापी’चेच झालेले रूप होय. एका तहसिलीतून निघालेले पाणी तापीच्या वाटेने पश्चिम समुद्राला जाते आणि वर्धेच्या वाटेने पूर्व समुद्राला. विदर्भ आणि खानदेश या दोहोंचे पाणी जेथून सुरू होते ते गाव आज महाराष्ट्रात नाही.

खडकांची सीमा याहूनही चमत्कारिक आहे. दख्खनचा काळा अग्निजन्य खडक पश्चिमेकडून पसरत येतो आणि नागपुरापाशी संपतो. सीताबर्डीची टेकडी ही त्याच खडकाची. शहराच्या पूर्वेला मात्र त्याहून कितीतरी प्राचीन असे निराळे खडक लागतात. काळ्या मातीची कपाशी व ज्वारी एका अंगाला आणि भंडाऱ्याकडील धानाची बांधी दुसऱ्या अंगाला, हा जो आपल्या जेवणातला फरक आहे त्याचे एक मूळ येथे आहे. म्हणजे खडकाची सीमा आमच्या शहराच्या उरातून गेलेली आहे. पूर्वेकडच्या या प्राचीन खडकांत मँगनीज सापडते. नागपूर जिल्ह्यातील मनसर आणि कांद्री, भंडाऱ्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटातील भरवेली, उकवा आणि तिरोडी या खाणी त्याच एका पट्ट्यात आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांच्या समूहाला ‘सौंसर समूह’ असे म्हणतात. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या चार जिल्ह्यांच्या खालच्या खडकाला एका सीमेवरच्या गावाचे नाव मिळावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोन्ही राज्यांतील या खाणी चालविणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे.

आता इतिहासाकडे वळू. नागपूर हे भोसल्यांचे शहर, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु भोसल्यांनी ते वसविलेले नाही. छिंदवाड्याच्या नैर्ऋत्येला डोंगरात देवगडचा किल्ला आहे. तेथे गोंड राजांचे राज्य होते. या घराण्यातील बख्त बुलंद हा औरंगजेबाच्या दरबारी जाऊन आला, दिल्लीचे वैभव त्याने पाहिले, आणि परतल्यावर डोंगराखालच्या सुपीक मुलखात शेतकरी व कारागीर आणून वसविण्याचा उद्योग आरंभिला. १७०२ च्या सुमारास त्याने नाग नदीच्या काठच्या लहान लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसविले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानी डोंगरावरून खाली आणून शहराला तट घातला. १७३९ मध्ये तो वारल्यावर गादीचा तंटा लागला, त्याच्या राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले, आणि १७४३ पर्यंत सत्ता भोसल्यांच्या हाती आली. गोंड राजाला त्यांनी नागपुरातच मानाने राहू दिले.

म्हणजे नागपूरचे माहेर घाटावर आहे. ही केवळ आमची कल्पना नव्हे. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२७ मध्ये भोसल्यांच्या राज्यावर जो मोठा अहवाल लिहिला, त्यात राज्याचे जे विभाग दिले आहेत त्यांत एक आहे ‘घाटावरचे देवगड’ आणि दुसरा आहे ‘घाटाखालचे देवगड’. यांतला पहिला म्हणजे छिंदवाडा, आणि दुसरा म्हणजे आपला नागपूरचा मुलूख! ऐंशीहून अधिक वर्षे नागपुरात मराठ्यांची राजधानी नांदल्यावरही कागदोपत्री आमची ओळख देवगडच्या खालचा भाग अशीच होती.

घाटावरचा आणि घाटाखालचा हा संसार कसा मोडला, हे थोडक्यात सांगतो. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांना सागर-नर्मदेकडचा मुलूख इंग्रजांना द्यावा लागला; त्यात बैतुल आणि शिवनी गेले. छिंदवाडा मात्र भोसल्यांकडेच राहिला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदेचा मुलूख मिळून मध्य प्रांत झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाडही त्याला जोडला गेला. कारभाराच्या सोयीसाठी जिल्हे पाडले गेले. भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून १८६७ मध्ये बालाघाट हा नवा जिल्हा केला गेला, आणि तो नागपूर विभागात घालण्यात आला. उलट जो छिंदवाडा अखेरपर्यंत भोसल्यांचा होता, त्याला नर्मदा विभागात घातले. त्या वेळी कोणालाही याचे काही वाटले नाही. विभाग कोणताही असला तरी राजधानी एकच होती, आणि जिल्हा म्हणजे वसुलीची सोय एवढाच त्याचा अर्थ होता.

पुढे मात्र या सोयीचे कायद्यात रूपांतर झाले. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्यांचे तत्त्व स्वीकारले, आणि मध्य प्रांताचे मराठी व हिंदुस्थानी असे दोन भाग पडले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा या राज्याच्या राजभाषा झाल्या. १९५५ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचे विदर्भ राज्य करावे, ही त्यातील शिफारस सर्वांना ठाऊक आहे. ते राज्य झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. उरलेले चौदा जिल्हे नव्या मध्य प्रदेशात गेले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. नागपूरने त्या दिवशी काय गमावले याची चर्चा या शहरात पुष्कळ झालेली आहे. सौंसरने काय गमावले याची चर्चा मात्र सहसा होत नाही.

आयोगाने जिल्हा हा घटक मानला होता. गाव हा घटक मानावा, भाषेचे बहुमत आणि सलगता पाहून रेघ ओढावी, हा दुसरा पक्ष होता. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्यामधील वादात पाटसकरांनी याच पद्धतीने निवाडा दिला. जिल्हा घटक मानण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. गावोगाव भाषा मोजत बसले तर सीमा करवतीच्या दात्यांसारखी होईल, बाजारपेठ एकीकडे आणि तिची खेडी दुसरीकडे जातील, आणि वाद कधीच संपणार नाहीत. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की छिंदवाडा जिल्ह्याचा घाटावरचा मोठा भाग मराठीचा नाही म्हणून घाटाखालचा मराठी भागही त्याच्याबरोबर गेला. १८६१ नंतरच्या कोणा अधिकाऱ्याने वसुलीच्या सोयीसाठी घाटावरचे आणि घाटाखालचे एका जिल्ह्यात बांधले नसते, तर १९५६ ची रेघ कदाचित सिलेवानीच्या घाटातून गेली असती. आणि जिल्हा ही काही अढळ वस्तू नव्हे, हे काळानेच दाखवून दिले आहे. २०२३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने सौंसर आणि पांढुर्णा या तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. जो तुकडा १९५५ मध्ये वेगळा मोजता येत नव्हता, तोच अडुसष्ट वर्षांनी वेगळा जिल्हा झाला.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. मराठी आणि हिंदी यांच्या हिशेबात आपण एका तिसऱ्या पक्षाला विसरतो. हा सगळा डोंगर मुळात गोंडांचा. त्यांची गोंडी भाषा ना मराठीच्या कुळातली, ना हिंदीच्या. ती द्राविडी आहे. आठ जिल्हे तुमचे, चौदा आमचे, अशी वाटणी झाली तेव्हा गोंडी बोलणारी माणसे दोन्ही वाट्यांत विखुरली गेली. शिवाय पोवारांसारखे समाज आहेत, ज्यांची घरची पोवारी बोली बालाघाट, गोंदिया, भंडारा आणि शिवनी या चारही जिल्ह्यांत ऐकू येते. आणि नागपुरातील पिढ्यान्‌पिढ्यांचे हिंदी बोलणारे नागरिक कोणी परके नव्हेत. तेव्हा पलीकडची मराठी गावे पाहून हळहळणाऱ्याने अलीकडची हिंदी घरेही पाहावीत.

प्रत्यक्ष जीवनात या रेघेने लोकांना किती तोडले? सोयरिकी तुटल्या नाहीत. सौंसर-पांढुर्ण्याचे संत्रे जगाला नागपुरी संत्रे म्हणूनच ठाऊक आहे. दुखणे बळावले की पेशंट भोपाळला नव्हे, नागपूरलाच आणतात. इतवारीहून सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करीत छिंदवाड्याला जाणारी अरुंद रुळांची गाडी अनेक पिढ्यांनी पाहिली. ती २०१५ मध्ये बंद झाली आणि त्या जागी रुंद रूळ आले. सणवारही एकच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा आणि मारबतींची मिरवणूक असते. त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव येथील लोक समोरासमोरच्या काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. ‘गोटमार’ हे त्याचे नाव. गोटा म्हणजे दगड, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. एका काठच्या मुलाने दुसऱ्या काठची मुलगी पळवून नेली आणि नदीतच दोघांना गाठले, अशी त्यामागची कथा सांगतात. मधे सीमा मानली की दोन्ही काठांच्या शेजाऱ्यांच्या हाती दगड येतात, याचे याहून उघड उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

असे प्रदेश जगात इतरत्रही आहेत. युरोपच्या आग्नेयेस, बाल्कन प्रदेशाच्या उंबरठ्यावर बनात नावाचा मुलूख आहे. डॅन्यूब, तिसा आणि मुरेश या नद्या आणि कार्पेथियन डोंगर यांच्यामध्ये तो वसलेला. १७१८ मध्ये तुर्कांकडून तो ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे आला आणि तेथे रुमानियन, सर्ब, जर्मन, मग्यार अशा नाना भाषांचे लोक शेजारी शेजारी नांदू लागले. पहिल्या महायुद्धानंतर त्यावर रुमानिया आणि सर्बिया या दोघांनीही हक्क सांगितला, आणि १९२० च्या त्रियानोंच्या तहाने त्याची वाटणी कायम झाली. तिमिशोआरा हे मुख्य शहर रुमानियाला मिळाले; परंतु त्या शहरातून वाहणारी बेगा नदी पुढे सीमा ओलांडून सर्बियात जाऊन तिसेला मिळते. रेघ कितीही विचाराने ओढली तरी प्रत्येक बाजूला दुसऱ्याची गावे राहिलीच. म्हणून पुढे शहाणपणाचा मार्ग निघाला तो रेघ हलविण्याचा नव्हे. सर्बियाच्या ज्या वॉयवोदिना प्रांतात बनातचा पश्चिम भाग आहे, तेथे रुमानियन आणि हंगेरियन याही भाषांना कारभारात अधिकृत स्थान आहे. आपली सीमा दोन राष्ट्रांमधली नाही. तिच्यावर पहारा नाही, पारपत्र नाही. मग तिथे जे साधले ते येथे साधायला आपल्याला अडचण कमी असावी.

त्याची तरतूद आपल्या राज्यघटनेत केलेलीही आहे. पुनर्रचनेबरोबरच १९५६ मध्ये सातवी घटनादुरुस्ती झाली, आणि तीतून ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. ३५०-ब या कलमाने अशा अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली. जिल्हा मोडायचा नाही असे ठरविल्यावर त्यातून ज्यांची कुचंबणा होणार, त्यांना दिलेले हे वचन होते. घरी मराठी बोलणारे सौंसरचे मूल आणि घरी गोंडी बोलणारे आमच्या रामटेक-देवलापारकडचे मूल, या दोघांनाही ते वचन सारखेच लागू आहे. पहिल्याची आठवण काढायची आणि दुसऱ्याला विसरायचे, हे न्यायाचे होणार नाही.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा मुद्दा, तो पाण्याचा. नागपूरच्या नळाला येणारे बहुतेक पाणी पेंच आणि कन्हान यांचे आहे, म्हणजे घाटावरून आलेले आहे. १९५६ पूर्वी पेंचवर बंधारा घालावयाचा असता तर त्याचा निर्णय नागपूरच्या एकाच सचिवालयात झाला असता. पुढे मात्र दोन राज्यांना करार करावा लागला. १९६४ च्या त्या करारात पेंचच्या पाण्यापैकी ३५ अब्ज घनफूट मध्य प्रदेशाचे आणि ३० अब्ज घनफूट महाराष्ट्राचे ठरले. त्यातून तोतलाडोहचे धरण झाले; तेथील १६० मेगावॉट विजेतील दोन हिस्से मध्य प्रदेशाचे आणि एक आपला. त्याच्याखाली कामठी-खैरीचे जलाशय, आणि तेथून शहराला पाणी. पुष्कळ वर्षे वरचा हिस्सा पुरता अडविला जात नव्हता, म्हणून त्यांच्या वाट्याचेही पाणी खाली येत राहिले, आणि आपण ते आपलेच समजू लागलो. पुढे मध्य प्रदेशाने चौरईजवळ माचागोरा येथे धरण बांधून आपला वाटा अडविला. २०१९ च्या पावसाळ्याने ओढ दिली, तोतलाडोह आटले, आणि जुलैत नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. तेव्हा घरोघर विचारणा झाली, की आमचे पाणी कोणी अडविले? वास्तविक चौरईच्या शेतकऱ्यालाही शेत आहे, आणि त्याने करारातलेच पाणी घेतले होते. बदलला होता तो आमचा समज.

यावरून आम्हांला जे वाटते ते सांगून हा लेख पुरा करतो. सीमा हलवा अशी मागणी येथे कोणी करीत नाही, आणि सत्तर वर्षांनंतर ती करण्यात शहाणपणही नाही. पण ती रेघ कशी पडली हे माहीत नसल्यामुळे आपण दोन प्रकारे फसतो. पलीकडची माणसे परकी आहेत असे आपल्याला वाटते, आणि पलीकडचे पाणी मात्र आपलेच आहे असे वाटते. खरे पाहता ती माणसे आपल्या भाषेची आणि आपल्या सणांची आहेत, आणि पाण्यात त्यांचा वाटा आपल्याहून थोडा अधिकच आहे. छिंदवाड्यात पाऊस किती झाला, माचागोऱ्यात पाणी किती साठले, हे आकडे नागपूरच्या वर्तमानपत्रांनी आमच्याच जिल्ह्याच्या आकड्यांशेजारी छापावेत. सौंसर-पांढुर्ण्यातील मराठी वाचकापर्यंत आमच्या ग्रंथालयांची पेटी जावी, आणि आमच्या या वसंतातल्या व्याख्यानांना त्यांच्यातला एखादा वक्ता बोलवावा. देवगडचा किल्ला पाहायला आमच्या शाळांच्या सहली जाव्यात. आपले शहर एके काळी ‘घाटाखालचे देवगड’ होते हे ज्या मुलाला लहानपणी कळेल, तो मोठेपणी पेंचच्या पाण्याविषयी वरच्या गावांशी बोलायला बसला तर भांडणाच्या सुरात बोलणार नाही, असा आम्हांला भरवसा वाटतो.